फक्त ही ओव्हर संपू दे



तुमच्या घरात क्रिकेटचे वेड असलेले कोणी ना कोणी असेलच. कदाचित ते तुम्ही स्वतः असाल. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळचे साडेसात वाजले की या माणसाचे जेवण, अभ्यास, गप्पा सगळे बाजूला सरकते, आणि एरवी देवापुढे पाच मिनिटे स्वस्थ न बसणारा हा जीव साडेतीन तास जागचा हलत नाही. आपण सत्संगी माणसे त्याच्याकडे पाहून एक वाक्य हमखास म्हणतो, "एवढे लक्ष नामात लागले असते तर!" मी हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले आहे, बहुतेक वेळा माझ्याच बाबतीत. ते मला अर्धे पटते. जे अर्धे पटत नाही त्याविषयी आज लिहायचे आहे, आणि त्यासाठी २६ मे २०२४ च्या रात्रीची एक कबुली द्यावी लागणार आहे.

मी कोलकात्यात, खिदिरपूरला राहते. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि या संकेतस्थळासाठी हिंदी प्रवचनांचा मराठी अनुवाद करण्याची सेवा करते. बाबा मूळचे पुण्याचे. त्यांची नोकरी गोदीतल्या मालाच्या कामाशी निगडित, म्हणून आम्ही इथे. खिदिरपूर म्हणजे गोदीच. जहाज आत घ्यायचे असले की रस्त्यावरचा पूल उचलला जातो, आणि मग बस, ट्रक, सायकली, डोक्यावर ओझे घेतलेले हमाल, सगळे निमूट उभे राहतात. भूकैलासची जुनी शिवमंदिरे आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथली दोन शिवलिंगे माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर गेलेली. आणि ईडन गार्डन्स तर बसने थोड्याच वेळात येते. वारा आमच्या बाजूचा असला तर षटकाराची गर्जना गल्लीत ऐकू येते, असे आमच्याकडची मुले शपथेवर सांगतात. मला अजून कधी ऐकू आलेली नाही.

या गावात राहून कोलकाता नाइट रायडर्सचे न होणे कठीण. पण 'आपला संघ' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला आठव्या वर्षीच पडला होता. ५ मे २०१२ ला ईडनवर कोलकात्याची गाठ पुणे वॉरियर्सशी पडली. पुण्याचा कर्णधार होता सौरव गांगुली. कोलकात्याच्या संघाने आदल्या वर्षी लिलावात त्याला घेतले नव्हते, तो सल शहराच्या मनात होताच. त्या संध्याकाळी शेजारचे बंगाली काका, ज्यांनी पुणे कधी पाहिलेले नाही, पुण्याच्या बाजूने ओरडत होते, आणि आमचे अस्सल पुणेकर बाबा कोलकात्याच्या बाजूने. कोलकात्याने तो सामना ७ धावांनी जिंकला. काका दोन दिवस बाबांशी बोलले नाहीत. मग 'बर्गी' म्हणून चिडवून त्यांनी स्वतःच अबोला सोडला. (अठराव्या शतकातल्या मराठा स्वारांना बंगालमध्ये बर्गी म्हणतात. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने हा शब्द हसून घ्यायला शिकावे लागते.) आपलेपणा जन्मावर नाही, गावावर नाही, मग कशावर ठरतो? आपण ज्याला मन देऊन बसतो तो आपला, एवढेच त्या वयात मला कळले. अजूनही त्यापुढे फारसे कळलेले नाही.

त्याच महिन्यात कोलकात्याने पहिले विजेतेपद मिळवले, २०१४ मध्ये दुसरे. मग दहा वर्षे काही नाही. २०२१ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि १५ ऑक्टोबरला दुबईत चेन्नईकडून हरला. त्या दिवशी विजयादशमी होती. तुमच्याकडे सोने वाटत होते तेव्हा आमच्या घाटांवर दुर्गेचे विसर्जन चालू होते, आणि देवी गेल्याचे दुःख कोणते व सामना गेल्याचे कोणते, हे मला त्या रात्री वेगळे करता आले नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी असे वेड अनुभवले नसेल त्यांना २०२४ चा तो मे महिना कसा गेला हे थोडे सांगते. ज्यांनी अनुभवले आहे ते आपापला संघ इथे घालून वाचतील. ११ मे रोजी ईडनवर पावसामुळे सामना सोळा-सोळा षटकांचा झाला, कोलकात्याने मुंबईला १८ धावांनी हरवले आणि प्ले-ऑफमध्ये पोहोचणारा पहिला संघ ठरला. त्यानंतर पावसाने दोन सामने गिळले, १३ तारखेचा अहमदाबादचा आणि १९ तारखेचा गुवाहाटीचा. खेळाडू हॉटेलात आणि आम्ही घरात, सगळेच आभाळाकडे पाहत बसलेले. त्याच्या आदल्या आठवड्यात तर लखनौहून कोलकात्याला निघालेले त्यांचे विमान खराब हवामानामुळे उतरू शकले नाही, फिरत फिरत वाराणसीला गेले आणि संघ रात्रभर काशीत अडकला. सकाळी काही खेळाडू गंगेवर आणि विश्वनाथाच्या दर्शनाला जाऊन आले. आमच्या आजीने ही बातमी ऐकली आणि जाहीर केले, "आता हे जिंकणार. न मागता काशी घडली त्यांना." आजीला क्रिकेटमधले एलबीडब्ल्यू आजवर समजलेले नाही, पण त्या दिवसापासून ती संघाची झाली.

२१ मे रोजी अहमदाबादला क्वालिफायर होता, समोर हैदराबाद. जो जिंकेल तो थेट अंतिम फेरीत. मिचेल स्टार्कला त्या वर्षी २४ कोटी ७५ लाख रुपयांना घेतले होते आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याची गोलंदाजी इतकी मार खात होती की आमच्या वर्गात 'एका चेंडूला किती रुपये पडले' याची गणिते मांडली जात. वाणिज्य शाखेची मुले दुसरे काय करणार! त्या रात्री त्याने दुसऱ्याच चेंडूवर ट्रॅव्हिस हेडचा त्रिफळा उडवला. मी खुर्चीवरून उडी मारली आणि लगेच परत बसले, कारण विकेट पडली तेव्हा मी ज्या खुर्चीत होते ती आता अंतिम सामन्यापर्यंत सोडायची नव्हती. आठ गडी राखून विजय. पुढचे पाच दिवस मी जागेपणी आणि झोपेत फक्त अंतिम सामना पाहत होते. बसमध्ये, बँकिंगच्या तासाला, आरतीत टाळ्या वाजवतानासुद्धा. तो जांभळा रंग कुठे दिसला, अगदी भाजीवाल्याच्या टोपलीतल्या वांग्यांत, तरी पोटात काहीतरी हलायचे.

साधकहो, हे वर्णन तुम्हाला ओळखीचे वाटत नाही का? नारदांनी भक्तिसूत्रांत प्रेमाची अकरा रूपे सांगितली आहेत आणि त्या प्रत्येकाला त्यांनी 'आसक्ती' हाच शब्द जोडला आहे. गुणमाहात्म्यासक्ती, रूपासक्ती, स्मरणासक्ती, तन्मयासक्ती, परमविरहासक्ती. आपण एरवी आसक्ती हा शब्द दोष म्हणून वापरतो; नारद तो भक्तीचे नाव म्हणून वापरतात. भक्ताचे लक्षण सांगताना ते म्हणतात की त्याला प्रियाचा विसर पडला तर जीव व्याकूळ होतो. आता त्या मे महिन्यातल्या माझ्याकडे पाहा. गुणगान चालू होते, रूप डोळ्यांसमोर होते, स्मरण अखंड होते आणि दहा वर्षांचा विरहही होता. कोणी शिकवले नव्हते. आणि मिळणार काय होते? काहीही नाही. संघ जिंकला तर बक्षिसाची रक्कम माझ्या खात्यात येणार नव्हती. म्हणून "एवढे लक्ष नामात लागले असते तर" या वाक्याचा अर्धा भाग मी मनापासून मान्य करते. प्रेम करण्याची शक्ती आपल्यात आहे की नाही, हा प्रश्नच नाही. ती आहे. क्रिकेटचा वेडा माणूस तिचा चालता-बोलता पुरावा आहे. घरातल्या अशा मुलाला नास्तिक, उनाड म्हणण्याआधी हे जरूर आठवा.

आता दुसरा अर्धा भाग.

त्याच आठवड्यात माझ्याकडे अनुवादासाठी एकाग्रतेवरचे एक प्रवचन आले होते. त्यात 'लगन' हा शब्द पुनःपुन्हा येत होता. मराठीत 'लगन' ठेवले तर वाचकाला लग्न आठवणार, म्हणून मी 'ध्यास' असे केले आणि स्वतःवर खूश झाले. त्या प्रवचनातही ती गोष्ट होती, जी एकाग्रतेवरच्या बहुतेक प्रवचनांत असतेच. द्रोणाचार्य झाडावर पक्षी ठेवतात आणि शिष्यांना विचारतात, काय दिसते? इतरांना झाड दिसते, आचार्य दिसतात, भाऊ दिसतात. अर्जुनाला फक्त पक्षी दिसतो, त्याचे मस्तक दिसते. मी तो उतारा रविवारी दुपारी पूर्ण केला. तो रविवार म्हणजे २६ मे.

सकाळपासून पाऊस होता. 'रेमल' नावाचे चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्याकडे येत होते. दुपारपासून कोलकात्याचा विमानतळ एकवीस तासांसाठी बंद झाला. वादळ सागर बेट आणि बांगलादेशातले खेपुपाडा यांच्या दरम्यान रात्री जमिनीवर येणार, असा इशारा होता. सामना मात्र चेन्नईत होता, तिथे आभाळ मोकळे होते, आणि मला तेवढेच पुरेसे वाटले.

आमच्या घरी आजीची देखभाल करायला एक मासी राहतात. मासी म्हणजे बंगालीत मावशी. त्यांचे गाव नामखान्याकडे, सागर बेटाच्या जवळ. गावी मुलगा, सून आणि लहान नात. घर मातीचे. त्या दिवशी दुपारी मुलाशी त्यांचे एकदा बोलणे झाले होते, की संध्याकाळपर्यंत शाळेच्या पक्क्या इमारतीत जातो म्हणून. त्यानंतर त्यांच्या साध्या फोनला रेंज नव्हती.

आठच्या सुमारास आमची केबल गेली. मी माझा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून टेबलावर उभा केला आणि सगळे त्याभोवती बसलो. बाबा, आई, धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरचे काका. मी माझ्या ठरलेल्या खुर्चीत. बाहेर खिडक्या थडथडत होत्या. पडद्यावर हैदराबादचे गडी एकामागून एक बाद होत होते. पहिल्याच षटकात स्टार्कने अभिषेक शर्माचा त्रिफळा उडवला, मग हेड पहिल्याच चेंडूवर गेला. ज्या फलंदाजांनी हंगामभर सगळ्यांना झोडपले होते ते आमच्यासमोर कोसळत होते. अशा वेळी मासी मागच्या खोलीतून दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मामोनी, छेलेके एकटा फोन कोरे देबे?" मुलाला एक फोन लावून देशील का?

मी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "हो मासी, फक्त ही ओव्हर संपू दे."

ओव्हर संपली. आणखी एक गडी बाद झाला होता. मग मी विसरले. मासी थोडा वेळ दारात उभ्या होत्या, असे आई नंतर म्हणाली. मग त्या आत गेल्या. पुन्हा विचारायला आल्या नाहीत.

हैदराबादचा डाव ११३ धावांत संपला. आयपीएलच्या अंतिम सामन्यातली ती सर्वांत कमी धावसंख्या. आमची फलंदाजी सुरू झाली, व्यंकटेश अय्यर सुटला होता, आणि त्याच वेळी फोनच्या पडद्यावर एक अनोळखी नंबर आला. चित्र थांबले. सगळे एकदम ओरडले. मी बोटाने तो फोन कापला. चित्र परत सुरू झाले तेव्हा एक चौकार होऊन गेला होता, आणि तो हुकल्याचे मला वाईट वाटले.

साडेदहा षटकांत ११४ धावा झाल्या. दहा वर्षांनी विजेतेपद! तसल्या पावसातही गल्लीत कोणीतरी फटाके लावले, ते फुसकेच वाजले. भाऊ नाचत होता, बाबांनी काकांना मिठी मारली, आणि मी पेढे म्हणून ठेवलेला संदेशचा डबा उघडून आजीला द्यायला आत गेले. आजी झोपली होती. तिच्या पायाशी, अंधारात, मासी बसल्या होत्या. हातात त्यांचा तो लहानसा फोन, त्याचा दिवा त्या मिनिटामिनिटाला लावून पाहत होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "खेला शेष?" संपला का खेळ?

तेव्हा मला तो कापलेला नंबर आठवला.

मी लगेच लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मुलाकडे माझा नंबर अडीअडचणीसाठी दिलेला होता. त्याने शाळेतल्या कोणाच्या तरी फोनवरून लावला असणार, हे मासींनाही समजले आणि मलाही. त्या काही बोलल्या नाहीत. नामखान्यावरून वादळ जात होते ती हीच वेळ. रात्रभर मी दर पंधरा मिनिटांनी नंबर लावत होते आणि रात्रभर तोच एक यांत्रिक आवाज ऐकत होते. मासी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला माळ घेऊन बसावेसे वाटले, आणि बसलेही, पण नाम घेण्याची लाज वाटत होती.

आता तुम्ही म्हणाल, हे क्रिकेटचे झाले. नामात लक्ष असते तर असे घडले नसते. बंधू-भगिनींनो, थोडे थांबा. तुम्ही पारायणाला बसलेले असताना सासूबाईंनी पाणी मागितले आणि तुम्ही हातानेच 'थांबा' अशी खूण केली, असे कधी झाले नाही? ध्यानाच्या वेळी दार वाजले म्हणून कपाळावर आठी आली नाही? मी ज्या प्रवचनाचा अनुवाद करत होते तो करतानाही त्याच दुपारी मी भावावर ओरडले होते, कारण त्याने मला पावसात गच्चीवरचे कपडे आणायला हाक मारली होती. एकाग्रतेच्या प्रवचनासाठी! म्हणजे माझा ध्यास सामन्यावरून उचलून नामावर ठेवला असता तरी त्या रात्री मासी दारातच उभ्या राहिल्या असत्या. फक्त मी म्हणाले असते, "हो मासी, ही माळ संपू दे."

आम्हाला हिशेबशास्त्रात पहिल्या दिवशी शिकवतात की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एका खात्यात जमा झाले म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलेच. लक्षाचेही तसेच आहे. मी सामन्याला दिलेले लक्ष आकाशातून आलेले नव्हते, ते मासींच्या खात्यातून काढलेले होते. आणि आपण जमेची बाजू तेवढी मोजतो. आज इतक्या माळा झाल्या, इतका वेळ चित्त स्थिर राहिले. कोणाच्या नावे लिहून?

अर्जुनाची गोष्ट मी अनुवादात तशीच ठेवली आहे, ती सुंदरच आहे. पण त्या रात्रीनंतर मला त्यातला एक तपशील टोचतो. पक्ष्याकडे पाहताना त्याला भाऊही दिसत नव्हते. धनुर्विद्येच्या परीक्षेत ते योग्यच. मात्र घर म्हणजे नेमबाजीचे मैदान नव्हे. आणि पुढे कुरुक्षेत्रावर त्याच अर्जुनाला समोरच्या सैन्यात एकेक नातलग दिसला, तेव्हा त्याच्या हातून धनुष्य गळले. गीता सुरू झाली ती तिथून. पक्ष्याच्या परीक्षेनंतर त्याला शाबासकी मिळाली होती, गीता मिळाली नव्हती.

आपल्या मराठी माणसांपाशी तर याहून जवळची गोष्ट आहे. पुंडलिकाच्या दारात साक्षात पांडुरंग आला. साऱ्या साधनेचे फळ, अंतिम सामन्यातला शेवटचा चेंडू म्हणा ना! पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने काय केले, हे तुम्हाला माहीतच आहे. वीट भिरकावली आणि देवाला म्हणाला, यावर उभा राहा, माझे काम आटोपू दे. 'थांब' हा शब्द त्यानेही उच्चारला आणि मीही. त्याने तो देवाला सांगितला, दारातल्या देवाला. मी तो दारातल्या मासींना सांगितला. आषाढीला लाखो वारकरी ज्याच्या दर्शनाला चालत जातात तो विठ्ठल पुंडलिकाच्या त्या 'थांब'वर अजून उभा आहे आणि त्याला त्याचा राग नाही.

तेव्हा सामना पाहू नका, असे मी सांगणार नाही. मी स्वतः सोडलेला नाही आणि खोटे लिहिणार नाही. जो संघ जिंकला तोही त्या रूपात फार टिकला नाही, हे खरे. मुंबईत वाढलेला श्रेयस अय्यर, ज्याच्या नेतृत्वाखाली विजेतेपद आले, त्याच वर्षाच्या लिलावात २६ कोटी ७५ लाखांना पंजाबकडे गेला, स्टार्क दिल्लीकडे गेला, आणि २०२५ मध्ये आम्ही प्ले-ऑफपर्यंतही पोहोचलो नाही. अनित्यतेचा याहून सोपा धडा कुठे मिळेल? पण वैराग्याचा हा धडा मला दर वर्षी मिळतो आणि दर वर्षी एप्रिलमध्ये मी तो विसरते. म्हणून मी एक लहानसे काम धरले आहे. करून पाहायचे असेल तर तुम्हीही पाहा.

आयपीएलच्या प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन 'टाइमआउट' असतात. पूर्ण सामन्यात चार, म्हणजे दहा मिनिटे. त्या वेळी पडद्यावर जाहिराती लागतात. मी तेव्हा ठरलेली खुर्ची सोडते. (पहिल्यांदा सोडली त्या दिवशी आम्ही हरलो. भाऊ अजून मलाच दोष देतो.) उठून घरातल्या प्रत्येक खोलीच्या दारापर्यंत जाते आणि आत कोण आहे ते पाहते. बोलायलाच हवे असे नाही. आजीची चादर सरकलेली असते, कधी गॅसवर दूध असते, कधी आई एकटीच वाटाणे सोलत बसलेली असते. एवढेच. माळ घेऊन बसतानाही मी आता दार लोटून घेत नाही, उघडे ठेवते. हाक आली तर मणी जिथे आहे तिथेच बोट ठेवून उठते. सुरुवातीला वाटायचे, साधना मोडली. हल्ली परत आले की मणी बोटाखाली तसाच सापडतो. क्रिकेटमध्ये मात्र परत यायला उशीर झाला तर षटकार हुकतो, ही तक्रार अजून आहे.

त्या सकाळचे सांगायचे राहिले. साडेनऊच्या सुमारास फोन लागला. मुलगा, सून, नात तिघेही शाळेत सुखरूप होते. घराची एक भिंत बसली होती, पत्रे उडाले होते, पाणी अंगणापर्यंत आले होते. मासी फोन कानाला घट्ट धरून नातीचा आवाज ऐकत राहिल्या, मग पदराने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला. मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवत होते. बंगालीत शब्द सापडेनात, मराठीतही सापडेनात.

मासींनी आजीच्या उशाशी ठेवलेला संदेशचा डबा पाहिला. रात्रीपासून तो तसाच पडला होता. "आमरा जितेछि?" त्यांनी विचारले. आपण जिंकलो?

मी मान हलवली. त्यांनी डबा उघडला, एक संदेश मोडून अर्धा मला भरवला आणि म्हणाल्या, कसे जिंकलो ते नीट सांग, आजी उठायच्या आधी.